कानबाईची तारीख

यशोदा सिस्टर जळगावच्या दवाखान्यात प्रसूती वॉर्डाची इन्चार्ज झाली, तोवर नव्वदचं दशक अर्ध्याच्या पुढं सरकलं होतं. शिकाऊ मुलींनी होस्टेलच्या पंख्याबद्दल कुरकुर केली रे केली, की ती धुळ्याचं होस्टेल काढायची. एका नळावर बावीस मुली, मे महिन्यात रात्री चादर ओली करून झोपायचं, आणि सकाळी उठून टोपीला भाताच्या पेजेची खळ लावायची. त्या पेजेच्या वासाने मुंग्या यायच्या आणि टोपी डोक्यावर ठेवली की दोन-चार मुंग्या केसांत फिरायला लागायच्या. मुलींना हे इतकं पाठ झालं होतं की ती बोलायला लागली की मागच्या रांगेतल्या नुसते ओठ हलवायच्या. यशोदाला ते दिसायचं. तिला रागही यायचा आणि हसूही यायचं, कारण धुळ्याला असताना तिनेही हेच केलं होतं.

पण धुळ्याची एक गोष्ट ती कधी मुलींसमोर काढायची नाही. सांगायची आहे ती तीच.

यशोदा पितांबर पाटील, भडगावपासून दोन कोसांवरच्या गिरणाकाठच्या गावची. बारावी झाली तेव्हा घरात तिच्या लग्नाचं बोलणं निघालं होतं आणि हिने वर्तमानपत्रातला नर्सिंगच्या कोर्सचा चौकोन कापून वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, ताटाशेजारी ठेवला. धुळ्यातला ट्रस्टचा मोठा दवाखाना, त्याची स्वतःची शाळा, साडेतीन वर्षांचा डिप्लोमा. भाऊबंद ओट्यावर येऊन बसले. पाटलाची पोर लोकांची घाण काढायला जाणार, हे काही त्यांच्या पचनी पडेना. आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि शेवटी म्हणाले, तुमच्यापैकी कोणी अंथरुणाला खिळला की त्या दिवशी मला हे पुन्हा सांगायला या. जूनमध्ये पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढली.

पहिलं वर्ष रडण्यात गेलं, दुसरं झोप काढण्यात. तिसऱ्या वर्षी कुठं बाईसाहेब माणसांत आल्या. तोवर इंजेक्शनला हात थरथरायचा थांबला होता, आणि चादरीचा कोपरा असा दुमडता येत होता की रणनवरे सिस्टरांनाही नाव ठेवायला जागा उरायची नाही. रणनवरे सिस्टर म्हणजे शाळेच्या ट्यूटर आणि प्रसूती विभागाच्या प्रमुख. नगरकडच्या, पन्नाशीच्या, अंगाने काटकुळ्या. त्या व्हरांड्यात आल्याचं कोणाला कळायचं नाही, कारण त्यांच्या चपलांचा आवाजच व्हायचा नाही. मुली त्यांना मागून मांजर म्हणायच्या. मुलींच्या केसबुकावर, म्हणजे हाताळलेल्या पेशंटच्या नोंदवहीवर, त्यांची सही झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नसे, आणि त्या सही सहजासहजी करत नसत. एका मुलीला बाळाच्या पायाला चिठ्ठी बांधायला विसरली म्हणून त्यांनी सहा महिने मागं ठेवलं होतं. तिचं नाव होस्टेलात दबक्या आवाजात घेतलं जायचं.

या रणनवरे सिस्टर, ज्यांच्यापुढं डॉक्टरही जपून बोलायचे, त्या एकाच ठिकाणी हात टेकायच्या, आणि ते म्हणजे गरोदर बायकांची ओपीडी. बाई आली की पहिला प्रश्न, शेवटची पाळी कधी आली. त्या तारखेवरून बाळंतपणाची तारीख काढायची, सगळा कारभार त्या एका तारखेवर. आणि आमच्या खानदेशातल्या बायका तारीख सांगतील तर शपथ! कोणी म्हणायची आखाजी झाल्यावर चार दिवसांनी. कोणी म्हणायची भुलाबाई बसल्या त्या दिवशी. एकीने तर सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा घेतला तेव्हा, असं सांगितलं. सिस्टर डोक्याला हात लावायच्या. पोळा-दसरा त्यांना कळत होता, पण कानबाई म्हणजे काय आणि ती कधी येते, हे त्यांना कोणी धड सांगेना.

यशोदाने सांगितलं. कानबाई म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरांत बसते ती देवी. नारळाची स्थापना करायची, रात्रभर जागायचं, दुसऱ्या दिवशी वाजत-गाजत नदीवर न्यायची. भावकीतला माणूस सुरतेला गेलेला असो नाही तर मुंबईला, कानबाईला गावी येणारच. बायकांना एकवेळ नवऱ्याचं वय आठवणार नाही, पण कानबाई आठवते.

मग पंच्याऐंशीच्या डिसेंबरात ओपीडीत ड्यूटी लागली तेव्हा तिने एक काम अंगावर घेतलं. एक्स-रेच्या फिल्मचा रिकामा खोका कापून त्याच्या पुठ्ठ्यावर तक्ता आखला. डावीकडं सण, उजवीकडं गेल्या वर्षभरातली त्याची इंग्रजी तारीख, आणि शेजारी लाल शाईत बाळंतपणाची तारीख. बाईने सण सांगितला की बोट ठेवायचं, झालं. रणनवरे सिस्टरांनी तो तक्ता चष्मा वर करून दोनदा वाचला, खाली सही केली, प्लॅस्टिकमध्ये घालून रक्तदाबाच्या मशीनशेजारी टांगला आणि म्हणाल्या, हे आमच्या पुस्तकात नाही. एवढंच म्हणाल्या, पण यशोदाचे पाय आठ दिवस जमिनीला लागत नव्हते. बाकीच्या मुली तिला तक्तेवाली म्हणायला लागल्या आणि ती वर वर चिडायची.

आता त्या तक्त्यातली मेख सांगतो. दिवाळी, दसरा, गणपती यांच्या तारखा तिने ऑफिसातल्या सुट्ट्यांच्या यादीतून घेतल्या. आखाजी, पोळा तिच्या लक्षात होते. पण कानबाई कुठल्याच यादीत नव्हती. आणि तिला स्वतःला ती आठवायचं कारण नव्हतं, कारण त्या वर्षी तिला कानबाईला घरी सोडलंच नव्हतं. ती सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला होती. अशा वेळी माणूस शहाण्यासारखं कोणाला तरी विचारतो. पण तक्तेवालीने विचारलं नाही. तिला आबांचा हिशेब ठाऊक होता, सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. आदल्या साली कानबाई पाच ऑगस्टला होती, म्हणजे या साली जुलैच्या शेवटच्या रविवारी. तिने अठ्ठावीस जुलै लिहिलं आणि समोर लाल शाईत चार मे.

सगळे जानेवारीपासून त्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून कामं करू लागले.

बेबाबाई आली ती जानेवारीतच. शिंदखेड्याकडच्या खेड्यातली, पंचविशीची, सावळी, बोलायला लागली की थांबायची नाही. तिची आधीची दोन बाळं शेवटच्या पंधरवड्यात पोटातच गेली होती. आदल्या दिवसापर्यंत लाथ मारणारं बाळ दुसऱ्या दिवशी गप्प, असं दोनदा. ती ते सांगताना मात्र थांबून थांबून बोलायची. पाळी कधी आली, तर कानबाई बसली त्या दिवशी. यशोदाने तक्त्यावर बोट ठेवलं आणि कार्डावर चार मे लिहिलं.

मोठ्या डॉक्टरांनी तिची केस स्वतःकडं घेतली. दोनदा बाळ शेवटच्या दिवसांत गेलं, तर तिसऱ्यांदा वाट बघायची नाही, दिवस भरले की लगेच सिझेरियन करून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. एप्रिलअखेर बेबाबाईला वॉर्डात दाखल केलं. पोट दिवसांच्या मानाने लहान वाटतंय, बाळ वाढत नाहीसं दिसतंय, असं डॉक्टर राउंडला म्हणाले आणि त्यांचा निश्चय आणखी पक्का झाला. मंगळवारी, सहा मेला, सकाळी नऊची वेळ लागली.

सोमवारी दुपारी यशोदा तिला ऑपरेशनसाठी तयार करत होती. बाईने भीती घालवायला बोलायला सुरुवात केली. घरचं, दारचं, नवरा भिकन कसा भित्रा आहे ते, आणि बोलता बोलता धोंड्याच्या महिन्यावर आली. गेल्या साली धोंड्यात तिच्या बापाने जावयाला जेवायला बोलावलं, चांदीचं वाण दिलं, तेहतीस अनारसे दिले. ती महिनाभर माहेरीच राहिली. मग धोंडा संपला आणि ती सासरी गेली ती थेट कानबाई बसवायला.

गेल्या साली धोंड्याचा महिना होता का, असं यशोदाने विचारलं. बेबाबाईला हसू आलं. एवढी शिकलेली पोर आणि हिला अधिक महिना ठाऊक नाही!

ठाऊक कसा असणार? होस्टेलच्या मेसमध्ये कुणी धोंडा करत नव्हतं, आणि हिचं अजून लग्न व्हायचं होतं, जावयाचं कौतुक कोणाकडं बघणार? आबांचा दहा-अकरा दिवसांचा हिशेब बरोबर होता. पण ज्या साली महिना वाढतो त्या साली तो उलटा फिरतो आणि सण अठरा-वीस दिवस पुढं जातो, हे ती विसरली होती. जो माणूस त्या साली गावी होता त्याला हे सांगावं लागलं नसतं.

ती तडक मेसमध्ये गेली. भिकुबाई स्वयंपाकीण फळ्यांवर जुन्या कॅलेंडरची पानं अंथरायची. यशोदाने मसाल्याचे डबे उचलून पानं उलटीपालटी केली आणि हळदीचे डाग पडलेलं ऑगस्टचं पान काढलं. वर बारीक अक्षरात अधिक श्रावण, मग अर्ध्यातून निज श्रावण. नागपंचमीनंतरचा रविवार पंचवीस ऑगस्ट. तिने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. बेबाबाईची तारीख चार मे नव्हती, एक जून होती. उद्या सकाळी ज्या बाळाला काढणार होते, त्याचे अजून चार आठवडे बाकी होते. पोट लहान दिसत होतं कारण ते तेवढंच असायला हवं होतं. आणि त्या काळी आमच्याकडं महिनाभर आधी आलेल्या बाळासाठी होतं काय, तर लाकडी पेटी, तिच्यात साठचा बल्ब आणि देवावर भरवसा. त्या पेटीतून किती बाळं घरी गेली आणि किती गेली नाहीत, हे यशोदाने डोळ्यांनी बघितलं होतं.

तिने ते पान घडी करून खिशात घातलं आणि होस्टेलवर गेली.

खोलीत कमल होती, तिची अमळनेरची मैत्रीण. ती मनाने वाईट मुळीच नव्हती, पण व्यवहारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की गप्प बस. डॉक्टर काय नुसत्या तुझ्या पुठ्ठ्यावर ऑपरेशन करतात का? बाळ लहान निघालं तर ते म्हणणारच आहेत की वाढ होत नव्हती. दहा तारखेला केसबुकावर सह्या आहेत. चिठ्ठी बांधायला विसरलेली सहा महिने मागं गेली, तुझं काय करतील? आणि समजा तू त्यांना थांबवलंस आणि हे बाळही आधीच्या दोघांसारखं पोटातच गेलं, तर?

हा शेवटचा प्रश्न यशोदाच्या काळजात रुतला. कारण तो खरा होता. बोललं तर बाळ पोटात जाऊ शकतं, नाही बोललं तर बल्बच्या पेटीत. आणि तिच्याशिवाय हे कोणालाच माहीत नव्हतं. ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. घरी न सांगता कोर्स सोडून पहिल्या एसटीने निघून जावं, इथपर्यंत तिच्या मनात येऊन गेलं.

सकाळी सहाला ती रणनवरे सिस्टरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सिस्टर प्रार्थना उरकून चहा घेत होत्या. यशोदाने हळदीचं पान त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कानबाई, धोंडा, आबांचा हिशेब, आपण कोणाला न विचारता तारीख लिहिली ते, सगळं. सिस्टरांनी पान वाचलं. तक्ता टांगताना वाचला होता तसंच, चष्मा वर करून दोनदा. मग कप बशीत ठेवला आणि चपला घातल्या.

मोठे डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हात धुवायच्या तयारीत होते. त्यांनी ऐकलं आणि भडकलेच. माझं थिएटर शिकाऊ पोरींच्या पुठ्ठ्यावर चालतं का, हा तक्ता लावायला परवानगी दिली कोणी? यशोदा तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, खाली सही माझी आहे. मग डॉक्टरांनी सिस्टरांना सोडून यशोदाकडं वळून विचारलं.

"आपण थांबलो आणि ठोके बंद पडले, तर?"

यशोदा म्हणाली:

"थांबा, सर. मी ऐकत राहीन."

त्यांनी बेबाबाईचं पोट पुन्हा तपासलं, या खेपेला कार्ड न बघता. बराच वेळ लावला. आणि ठरलं असं की दोन आठवडे थांबायचं. वीस मेला बाळ काढायचं, ना फार कच्चं ना फार उशिरा. तोवर दर चार तासांनी ठोके मोजून लिहायचे. एक जरी वेळ चुकली किंवा ठोके मंदावले तर लगेच थिएटर.

सिस्टरांनी तक्ता स्वतः खाली उतरवला. मग यशोदाला जानेवारीपासूनचं सगळं रजिस्टर काढायला लावलं. कानबाई सांगितलेल्या आणखी दोघी निघाल्या, दोघींच्या गावी त्याच दिवशी पत्रं गेली. केसबुकाबद्दल यशोदाने भीत भीत विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ते बाळ रडलं की बघू.

असे ते पंधरा दिवस. आजही यशोदाला कोणी धुळ्याचं नाव काढलं की आधी ते पंधरा दिवस आठवतात, मग बाकी सगळं. ती ड्यूटी असो-नसो, दर चार तासांनी वॉर्डात हजर. ॲल्युमिनियमचा छोटा कर्णा पोटावर टेकवायचा, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. आधी काहीच ऐकू येत नाही, नुसती पंख्याची घरघर, कुणाच्या बादलीचा आवाज. मग त्या सगळ्याच्या खालून ते बारीक टकटक यायचं. एकशे चाळीस. एकशे छत्तीस. ती आकडा लिहायची आणि मगच श्वास सोडायची. ऑपरेशन का पुढं ढकललं हे बेबाबाईला कोणी नीट सांगितलं नव्हतं, दिवस मोजण्यात फरक पडला एवढंच. ही पोर आपल्यासाठी सारखी धावते म्हणून ती हिच्यावर खूश होती. स्वतःच्या डब्यातली दशमी काढून ठेवायची, केस विंचरून दे म्हणून हट्ट करायची. यशोदाला त्या मायेने आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बारा तारखेला आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. तीन वर्षांत पहिल्यांदा यशोदाला आखाजीची चार दिवसांची रजा मिळाली होती. तुम्ही खानदेशातले नसाल तर आखाजी म्हणजे काय ते तुम्हाला नुसतं सांगून कळायचं नाही. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, वर्षभर सासूपुढं मान खाली घातलेल्या बायका झोक्यावर उभ्या राहून गळा काढून गातात. दोन दिवस आधी आबा तिला न्यायला आले. दवाखान्याच्या कडुनिंबाखाली टोपीने वारा घेत बसले होते. यशोदाने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, अगदी त्यांच्या हिशेबासकट. ती रडायला लागली तसं त्यांनी आधी डोकं खाजवलं, मग म्हणाले, हिशेब मी तुला अर्धाच शिकवला, धोंड्याचं सांगायचं राहून गेलं. आणि उठताना म्हणाले:

"पोटुशी बाईले सोडीसन येऊ नको. मी तुन्ही मायले सांगस."

मेसमध्ये भाकरी खाऊन ते तीनच्या गाडीने परत गेले. यशोदा फाटकापर्यंत गेली आणि गाडी वळेपर्यंत तिथंच उभी राहिली. आखाजीच्या दिवशी भिकुबाईने आमरस केला, दोन वाट्या वॉर्डात पाठवल्या. बेबाबाई आणि यशोदा, दोघी माहेराला मुकलेल्या, एका खाटेवर बसून पोळी बुडवून खात राहिल्या. बेबाबाई बारीक आवाजात आखाजीचं गाणं म्हणत होती, शेजारच्या खाटांवरच्या बायका हळूहळू तिच्यात मिसळल्या. इतका चांगला आमरस नंतर कधी खाल्ला नाही, असं यशोदा अजून म्हणते.

सतराला दुपारी चारला तिने कर्णा लावला आणि काही ऐकू आलं नाही. तिने जागा बदलली. पंखा बंद करायला लावला. पुन्हा जागा बदलली. काहीच नाही. बेबाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती आणि तिची बडबड थांबली होती. तिला हा चेहरा ओळखीचा होता, दोनदा बघितलेला. यशोदाच्या कपाळावरून घाम बेबाबाईच्या पोटावर टपटपायला लागला. आता सिस्टरांना हाक मारायची, एवढ्यात डाव्या बाजूला, अगदी खाली, जिथं कधीच नसायचं तिथं, टकटक. बाळ कूस बदलून बसलं होतं. एकशे चव्वेचाळीस. यशोदाने आकडा लिहिला आणि मग खाटेच्या कडेला कपाळ टेकून हमसून हमसून रडली. बेबाबाई तिच्या टोपीवरून हात फिरवत राहिली, तिला वाटलं पोरीला दमणूक झाली.

वीस तारखेला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली. रडायला तिने क्षणभर वेळ घेतला, आणि मग जे सूर लावले ते व्हरांड्यात भिकनला ऐकू गेले. अडीच किलोला थोडी कमी, पण लालबुंद. अंगावर पांढरा लेप जाड चिकटलेला होता, जो दिवस उलटून गेलेल्या बाळाच्या अंगावर राहत नाही. यशोदा तिला टॉवेलात घेऊन टेबलाशी आली तेव्हा रणनवरे सिस्टर शेजारी होत्या. त्यांनी बाळाचा तळवा उताणा केला. बोटांकडच्या अर्ध्या तळव्यावर बारीक रेषा उमटल्या होत्या, टाचेकडं अजून गुळगुळीत होतं. या रेषा दिवसागणिक बोटांकडून टाचेकडं सरकतात, असं सिस्टरांनी सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी काढलं असतं तर इथं जवळजवळ काही नसतं.

"पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर बघण्याआधी हे आठव," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी केसबुक यशोदाच्या खाटेवर होतं. सही झालेली होती. सहा महिने कोणी मागं ठेवलं नाही, एक शब्द कोणी बोललं नाही. कमल म्हणाली, सुटलीस. यशोदालाही वाटलं, आपण सुटलो. पण बेबाबाई बाळाला पाजताना हिला जवळ बसवून घ्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की या पोरीमुळं माझं लेकरू जगलं, आणि दर वेळी यशोदा काहीतरी काम काढून उठायची. सिस्टरांनी तिला हे सांगायला लावलं नव्हतं. डॉक्टरांनी तर नव्हतंच. वॉर्डात असं कोणी पेशंटला सांगत नसे.

आठव्या दिवशी टाके निघाले. दुपारच्या एसटीने जायचं होतं, भिकन गाडीच्या वेळा विचारायला गेला होता. यशोदाने पडदा ओढला आणि उभ्या उभ्या सांगितलं. तुमची तारीख मी चुकवली होती. तो तक्ता माझा होता. माझ्यामुळं तुमचं पोट महिनाभर आधी फाडणार होते, आणि ही पोर पेटीत गेली असती. मी रोज ऐकायला येत होते ते त्यासाठी.

बेबाबाईने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती जरा मागं सरकली. तिचा चेहरा बदलला. यशोदाला वाटलं, आता ही ओरडेल, भिकनला हाक मारेल. आणि मारलीच पाहिजे, असंही वाटलं. पडद्यापलीकडं कोणीतरी कपबशा विसळत होतं. मग बेबाबाई यशोदाकडं न बघता, बाळाकडं बघत बोलली.

"मन्हा दोन गयात. तव्हय कोनीच माले म्हनं नही, आमनं चुकनं. डाक्टरनी नही, सुईननी नही, घरमाबी नही. बठ्ठा म्हनेत, तुन्हंच नशीब खोटं शे."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता.

"आपलं चुकनं म्हननारी तू पहिली शेस."

मग तिने बाळाला यशोदाच्या हातात दिलं आणि लुगड्याच्या निऱ्या सारख्या करायला उठली. यशोदा बाळाला घेऊन पडद्याआड तशीच उभी राहिली, भिकन येऊन गाडीची वेळ झाली म्हणून सांगेपर्यंत.